रस्ता सर्वांचा, मार्ग कोणाचा? : भिवंडी ते विमानतळ

रस्ता आणि मार्ग हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. कायदा तसे करत नाही. सिलोनमधल्या दोन बसकंपन्यांचा एक वाद १९४६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला होता. तिथे न्यायाधीशांनी हा फरक स्पष्ट केला. रस्ता म्हणजे डोळ्यांना दिसणारी, चाकाखाली लागणारी वस्तू. मार्ग म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रवासाची कल्पना. एकाच रस्त्यावरून दहा मार्ग जाऊ शकतात. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही मार्गाची स्वतंत्र व्याख्या आहे. दोन टोकांमधली प्रवासाची रेषा, आणि ती कोणत्या रस्त्यांवरून जाईल याचा निर्देश, असे तिचे स्वरूप आहे.

हा फरक वकिली वाटेल, पण भिवंडीत राहणाऱ्या माणसाला तो रोज भेटतो. भिवंडीतून मुंबईच्या विमानतळाकडे जायला रस्ते आहेत. अंजूरफाट्यावरून काल्हेर, कशेळीचा पूल, बाळकुम, माजिवडा आणि पुढे पूर्व द्रुतगती महामार्ग. किंवा राजनोली नाक्यावरून माणकोलीमार्गे नाशिक महामार्गाने ठाणे. अंतर चाळीसेक किलोमीटर. रस्त्याला कोणी अडवत नाही. स्वतःची गाडी असेल तर रात्री दोन वाजताही निघता येते. प्रश्न आहे तो गाडी नसलेल्याचा. त्याला पैसे घेऊन कोणी न्यायचे, कोणत्या वाहनातून, किती भाड्यात आणि कोणाच्या परवानगीने, हे ठरते मार्गावरून. त्या परवानगीचा इतिहास आणि आजची रचना समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

भिवंडीला विमानतळ कशाला?

'यंत्रमागाच्या गावाला विमानतळाचे काय?' असे मला एकदा पुण्याच्या एका मित्राने विचारले होते. प्रश्न निरागस होता, पण त्यात भिवंडीबद्दलचे जुने चित्र होते. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सात लाखांवर गेली होती. आजूबाजूच्या खाडीकाठच्या गावांत गोदामांची रांग लागली आहे. देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा माल इथे उतरतो आणि इथून फुटतो. कापडाचा व्यापारी दिल्ली-कोलकात्याला विमानाने जातो. कितीतरी घरांतला एखादा मुलगा आखातात असतो. तो वर्षा-दोन वर्षांनी येतो आणि पुन्हा जातो.

आणि हज. १९९५ सालापर्यंत हज यात्रेकरूंची जहाजे मुंबई बंदरातून सुटत. त्या वर्षी समुद्रमार्ग बंद झाला आणि सगळी यात्रा विमानाने होऊ लागली. भिवंडीच्या कुटुंबांसाठी निरोपाची जागा गोदीतून उठून विमानतळावर गेली. निरोप द्यायला एकटादुकटा माणूस जात नाही, मोहल्ला जातो. आंतरराष्ट्रीय विमाने बहुधा रात्री-पहाटे सुटतात आणि त्याआधी तीन तास पोहोचायचे असते. म्हणजे घरातून निघायची वेळ नेमकी अशी, की त्या वेळी सार्वजनिक वाहतूक झोपलेली असते.

रेल्वेचा आधार इथे तोकडा आहे. भिवंडी रोड स्थानक दिवा-वसई मार्गावर आहे. तिथून थेट ठाण्याला किंवा मुंबईला जाणारी उपनगरी लोकल नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो ५चे भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झाले. कापूरबावडी ते धामणकर नाका हा तिचा पहिला टप्पा. पण मेट्रो मध्यरात्रीनंतर धावत नसते. तेव्हा रात्रीचा प्रश्न शेवटी रस्त्यावरच सोडवावा लागतो.

परवाना आला तो रेल्वेसाठी

मोटारगाडीने प्रवासी न्यायला परवाना का लागावा? सुरक्षिततेसाठी, असे उत्तर चटकन सुचते. पण सुरक्षिततेसाठी गाडीची तपासणी, चालकाचा परवाना आणि विमा पुरेसे असतात. 'या मार्गावर तू गाडी चालवू शकतोस, तू नाही' असे सांगणारा मार्ग-परवाना वेगळ्या कारणाने जन्माला आला.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात मोटारबस झपाट्याने वाढल्या आणि रेल्वेचे प्रवासी ओढू लागल्या. रेल्वेत सरकारचा मोठा पैसा गुंतलेला होता. १९३२-३३मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी रस्ता आणि रेल्वे यांच्या स्पर्धेची पाहणी केली. १९३६-३७च्या वेजवुड समितीनेही रेल्वेच्या आर्थिक प्रकृतीचा विचार करताना या स्पर्धेकडे बोट दाखवले. या विचारमंथनातून १९३९चा मोटार वाहन कायदा आला. नमुना इंग्लंडचा होता. तिथे १९३०च्या कायद्याने ट्रॅफिक कमिशनर नेमून बसमार्गांना परवाने द्यायला सुरुवात केली होती.

१९३९च्या कायद्याचे कलम ४७ आज वाचण्यासारखे आहे. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने परवाना देताना कशाचा विचार करावा, याची यादी त्यात होती. लोकांचे सर्वसाधारण हित, त्या भागात आधीपासून असलेल्या वाहतुकीची पुरेशी-अपुरी स्थिती, ज्या गावांना सेवा मिळेल त्यांचा फायदा, रस्त्यांची अवस्था. म्हणजे परवाना नाकारण्याच्या अधिकाराबरोबर एक कामही प्राधिकरणाकडे आले होते. 'इथे गरज आहे का?' हे त्याला विचारावे लागे. हे काम पुढे कसे हरवले, ते आपण पाहणार आहोत.

एस.टी.चे राज्य

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या सरकारी बससेवेची पहिली गाडी धावली. खासगी बसवाल्यांची मनमानी, कोंबून भरलेल्या गाड्या, गाडी भरेपर्यंत न हलणारे चालक हे ज्यांनी पाहिले होते, त्यांना ती गाडी स्वातंत्र्याचाच एक भाग वाटली असणार. १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा सेवांना पक्का पाया दिला.

मात्र खासगी बसवाल्यांना बाजूला कसे करायचे, हा घटनेचा प्रश्न होता. १९५४ साली सगीर अहमद विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक रस्त्यावर प्रवासी वाहतुकीचा धंदा करणे हा नागरिकाचा हक्क आहे, सरकारने दिलेली मेहेरबानी नव्हे. तोवर पहिल्या घटनादुरुस्तीने राज्याला एखादा धंदा पूर्णपणे स्वतःकडे घेण्याची मुभा दिलेली होती. तिचा आधार घेऊन १९५६ साली मोटार वाहन कायद्यात 'चार-अ' हे प्रकरण घातले गेले. राज्य परिवहन उपक्रमाने योजना तयार करायची, ती राजपत्रात छापायची, हरकती ऐकायच्या आणि शासनाने मंजुरी द्यायची. मग त्या भागातून किंवा त्या मार्गावरून इतरांना वगळता येते.

महाराष्ट्रात अशी योजना २९ नोव्हेंबर १९७३च्या अधिसूचनेने प्रसिद्ध झाली. तिचे क्षेत्र होते संपूर्ण महाराष्ट्र राज्य. एखादा जिल्हा किंवा निवडक मार्ग नव्हेत, सगळे राज्य. महापालिकांच्या परिवहन सेवा आणि योजनेतच नमूद केलेले काही अपवाद सोडले, तर तिकीट घेऊन टप्प्याटप्प्याने प्रवासी नेण्याचा हक्क एस.टी.चा. आज आपण वडाप, काळी-पिवळी, ट्रॅव्हल्स यांना सरसकट 'बेकायदा' म्हणतो तेव्हा त्या शब्दामागे बहुतेक वेळा ही अधिसूचना उभी असते.

ही भिंत किती पक्की आहे, हे १९८५च्या आदर्श ट्रॅव्हल्स खटल्यात दिसले. खासगी बसवाल्यांचे म्हणणे साधे होते. आमचा मार्ग वेगळा आहे, त्याचा थोडासा भाग सरकारी मार्गावरून जातो, तेवढ्यापुरते आम्हाला जाऊ द्या. न्यायालयाने ते मान्य केले नाही. योजनेनेच सवलत ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर अधिसूचित मार्गाचा तुकडासुद्धा वापरता येणार नाही. प्रवाशांची गैरसोय होत असेल तर तिचा विचार योजना करणाऱ्यांनी करावा. रस्ता आणि मार्ग यांतला फरक इथे पुरता कठोर झाला.

१९८८ : दार उघडले, पण कोणासाठी?

१ जुलै १९८९पासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्याचा रोख उलटा होता. कलम ८० सांगते, की प्राधिकरणाने परवान्याचा अर्ज सहसा नाकारू नये. १९९१च्या नोव्हेंबरमध्ये मिथिलेश गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या उदार धोरणाचे स्वागत केले. आधीच्या बसवाल्याला नवा प्रतिस्पर्धी येतो म्हणून हरकत घ्यायचा हक्क उरला नाही. गाड्या वाढल्या तर प्रवाशाचेच भले, असा त्यामागचा विचार.

महाराष्ट्रात मात्र या उघड्या दारासमोर जुनी भिंत उभीच राहिली. कारण त्याच कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने, कलम ९७ ते १०८ने, सरकारी उपक्रमांच्या योजना कायम ठेवल्या. कलम १०४ म्हणते, अधिसूचित क्षेत्रात योजनेच्या तरतुदींनुसारच परवाने द्यावेत. मिथिलेश गर्गमधले स्वातंत्र्य जिथे अशी योजना नाही तिथे. जिथे योजना सगळ्या राज्याला व्यापते तिथे स्वातंत्र्य कागदावर.

या बदलात आणखी एक गोष्ट निसटली. जुन्या कलम ४७मधली गरजेची यादी गेली. नव्या कायद्याने प्राधिकरणाला दार उघडे ठेवायला सांगितले आणि गरज ओळखायचे काम बाजारावर सोपवले. महाराष्ट्रात बाजार दाराबाहेर आणि एस.टी. आत. मग भिवंडीला विमानतळाकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसची गरज आहे का, हे विचारण्याची कायदेशीर जबाबदारी कोणाची? मी कायदा पुन्हा पुन्हा वाचला आहे. नाही म्हणू शकणारे अनेक सापडतात. हो म्हणायला बांधील असा एकही सापडत नाही.

एकाच गाडीची दोन नावे

आता रस्त्यावर उतरू. प्रवासी वाहनांचे कायद्याने दोन मुख्य प्रकार केले आहेत. टप्पा वाहतुकीत प्रत्येक प्रवासी आपापले तिकीट काढतो आणि वाटेत चढ-उतार होते. कंत्राटी वाहनात पूर्ण गाडी एका कराराने घेतली जाते. ठरलेले लोक ठरलेल्या ठिकाणी बसतात आणि वाटेत दुसऱ्या कोणाला घ्यायचे नाही.

हजला जाणाऱ्यांना निरोप द्यायला मोहल्ल्याने मिळून पन्नास आसनांची बस ठरवली, मालकाला एकरकमी पैसे दिले, तर ते कंत्राटी वाहन. पूर्ण कायदेशीर. त्याच बसमालकाने दुसऱ्या दिवशी वंजारपट्टी नाक्यावर उभे राहून 'एअरपोर्ट, एअरपोर्ट' अशी हाक दिली आणि माणशी पैसे घेतले, तर तीच बस, तोच रस्ता, तोच चालक, पण टप्पा वाहतूक. परवान्याच्या अटीचा भंग. कलम १९२-अ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार वेगळाच.

इथे एक बारकावा आहे, जो रस्त्यावरच्या चालकांनाच नव्हे तर पुष्कळ वकिलांनाही माहीत नसतो. टप्पा वाहतुकीच्या व्याख्येत चालक सोडून सहापेक्षा जास्त प्रवासी नेणारे वाहन लागते. आणि कंत्राटी वाहनाच्या व्याख्येत मोटारकॅब म्हणजे सहापर्यंत प्रवाशांची टॅक्सी, तसेच मॅक्सीकॅब म्हणजे सातपासून बारापर्यंत प्रवाशांची गाडी, यांचा स्पष्ट समावेश आहे. प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरीसुद्धा. म्हणजे सीटवर चालणारी पिवळ्या पाटीची टॅक्सी केवळ माणशी पैसे घेते म्हणून टप्पा बस ठरत नाही. शेअर टॅक्सीची कायदेशीर मुळे याच चार शब्दांत आहेत. तिचे थांबे, मार्ग आणि भाडी मुंबई महानगर क्षेत्रात परिवहन प्राधिकरण ठरवते. १ फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचे किमान भाडे २३वरून २६ रुपये आणि टॅक्सीचे २८वरून ३१ रुपये झाले, ते याच प्राधिकरणाच्या निर्णयाने.

पण रात्री भिवंडीच्या नाक्यांवर दिसणारी गाडी बहुधा पिवळ्या पाटीची नसते. ती पांढऱ्या पाटीची, घरगुती म्हणून नोंदलेली व्हॅन असते. तिला प्रवासी नेण्याचा कोणताच परवाना नाही. तिथे व्याख्येचा बारकावा कामाला येत नाही.

पावती नसलेल्या भाड्याची किंमत

मी मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवतो. त्या कामातून या विषयाकडे आलो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील मोघम ठेवतो.

एका कुटुंबाने आखातात परत चाललेल्या मुलाला सोडायला अशीच एक व्हॅन घेतली. दोन जागा रिकाम्या होत्या. चालकाने त्या भरण्यासाठी आणखी दोन प्रवासी घेतले, माणशी भाडे ठरवून. परतताना पहाटे महामार्गावर उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी आदळली. एक प्रवासी गेला. त्याची पत्नी साक्षीला उभी राहिली तेव्हा विमा कंपनीच्या वकिलाने तिला फारसे काही विचारले नाही. 'तुमच्या नवऱ्याने भाडे दिले होते का?' एवढाच प्रश्न. तिने दिले होते असे सांगितले. खोटे बोलण्याचे तिला काही कारण नव्हते.

त्या एका होकाराने दाव्याचा रंग बदलला. घरगुती गाडीच्या विम्यात ती भाड्याने चालवण्याला मनाई असते. परवान्याशिवाय वाहन चालवणे हा किरकोळ दोष नसून मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अमृत पॉल सिंग खटल्यात म्हटले आहे. ते प्रकरण ट्रकचे होते. त्यात विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करावी, हा आदेश कायम राहिला. माझ्या प्रकरणातही शेवट तसाच झाला. बाईंना पैसे मिळाले, उशिरा. मालकावर वसुली निघाली. मालक म्हणजे कोणी वाहतूकसम्राट नव्हता. दोन माग विकून त्याने ती गाडी घेतली होती. दोन्ही घरे एकाच गल्लीतली. आज त्यांचे बोलणे नाही.

परवान्याचा विषय रुक्ष वाटतो तेव्हा मला ही गल्ली आठवते. परवाना म्हणजे सरकारी शिक्का इतकेच नव्हे. अपघात झाला तर प्रवाशामागे विमा उभा राहील की नाही, हे तो शिक्का ठरवतो. ज्या शहराला रात्री परवान्याची गाडी मिळत नाही, ते शहर रोज रात्री विम्याशिवाय प्रवास करत असते.

इथेच कायद्याने ठेवलेला एक अपवादही सांगतो. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेण्यासाठी वाहन वापरले तर कलम १९२-अ लागू होत नाही. दवाखान्यात नेताना परवाना विचारायचा नाही, एवढे भान कायद्याला आहे.

समजा, बस काढायची आहे

आता एक कल्पित अर्ज घेऊ. भिवंडी ते विमानतळ, रात्रीच्या चार फेऱ्या. कोण काढू शकेल?

एस.टी. काढू शकेल. योजना तिचीच आहे. कलम १०३प्रमाणे उपक्रमाने योजनेनुसार अर्ज केला, की प्राधिकरणाने परवाना द्यायचा असतो. पण एस.टी.चे हिशेब लांब पल्ल्यावर आणि ग्रामीण फेऱ्यांवर मांडलेले आहेत. मध्यरात्रीची चाळीस किलोमीटरची फेरी तिच्या वेळापत्रकात सहज बसत नाही.

महापालिका काढू शकेल. कायद्यातल्या राज्य परिवहन उपक्रमाच्या व्याख्येत महापालिकेची सेवाही येते. मुंबईची बेस्ट, ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, कल्याण-डोंबिवलीची केडीएमटी, मिरा-भाईंदरची सेवा, सगळ्या याच दाराने आल्या. भिवंडीला शेजारच्या शहरांच्या बस येतात, पण त्यांचे मार्ग त्यांच्या शहरांच्या गरजेतून आखलेले. ठाण्याच्या करदात्याच्या पैशाने भिवंडीचा प्रवासी रात्री अंधेरीला का न्यावा, हा त्या महापालिकेचा प्रश्न गैर नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाच्या उद्घाटनाच्याच दिवशी 'मुंबई वन' हे तिकिटाचे ॲप सुरू झाले. त्यात मेट्रो, मोनोरेल, लोकल आणि बस मिळून अकरा सेवा आहेत. वर सांगितलेल्या पाचही महापालिकांच्या बस त्यात आहेत. भिवंडीचे नाव नाही, कारण जोडायला भिवंडीची सेवाच नाही. एस.टी.ही त्या अकरांत नाही.

परवाना मिळाला तरी काम संपत नाही. एका प्रदेशाचा परवाना दुसऱ्या प्रदेशात प्रतिस्वाक्षरीशिवाय चालत नाही, हा कलम ८८चा सामान्य नियम. भाडे शासनाच्या निर्देशांनी बांधलेले. आणि शेवटचे शंभर मीटर पुन्हा वेगळ्या मालकीचे. टर्मिनलसमोरची जागा परिवहन प्राधिकरणाची नाही, विमानतळ चालवणाऱ्या कंपनीच्या ताब्यातली आहे. बस कुठे थांबेल, किती मिनिटे थांबेल, जागेचे किती पैसे देईल, हे तिच्याशी ठरवावे लागते. रस्त्याचा परवाना फाटकापर्यंत नेतो. फाटकाच्या आतला थांबा हा करार आहे.

२५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईतून विमाने उडू लागल्यावर कोडे दुहेरी झाले. तो विमानतळ रायगड जिल्ह्यात, पनवेलच्या बाजूला. भिवंडीहून तिथे जायचे तर कोन, कल्याण-शीळ रस्ता आणि शीळफाटा ओलांडून. वेगळी पालिका, वेगळे परिवहन कार्यालय. दोन्ही विमानतळांचा विचार एकत्र करणारे कार्यालय प्रवाशाला सापडत नाही. २००६च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने मोठ्या शहरांसाठी एकात्मिक परिवहन प्राधिकरण असावे असे म्हटले होते. ते याच कारणासाठी.

वरचे आकाश आणि खालचा रस्ता

विमानतळाचा विषय निघाला आहे तर विमानांच्या मार्गांकडेही पाहू. १९५३च्या कायद्याने देशातली हवाई वाहतूकही सरकारी महामंडळांच्या हाती गेली होती. एस.टी.सारखीच मक्तेदारी. १९९४मध्ये तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षी १ मार्चला मार्ग-वाटपाची तत्त्वे आली. विमान कंपन्यांनी फायद्याच्या मार्गांवर जरूर उडावे, पण ठरावीक वाटा ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, बेटे अशा कमी फायद्याच्या मार्गांवर द्यावा. २०१६च्या 'उडान' योजनेने पुढचे पाऊल टाकले. सेवा नसलेल्या विमानतळांची यादी करायची, मार्गांसाठी बोली मागवायची, तोटा भरून द्यायचा. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले.

योजनेचे यश-अपयश हा वेगळा विषय. त्यातली पद्धत मला महत्त्वाची वाटते. तिथे कोणीतरी नकाशा समोर ठेवून विचारले, की कुठे सेवा नाही? नांदेडहून विमान उडावे म्हणून सरकारने बोली मागवली. भिवंडीहून विमानतळापर्यंत बस जावी म्हणून बोली मागवायची तरतूद रस्त्याच्या कायद्यात कोणी वापरत नाही.

जिथून आपण नमुना घेतला त्या इंग्लंडनेही वाट बदलली. लांबच्या बसमार्गांवरचे निर्बंध १९८०च्या कायद्याने उठले आणि लंडनबाहेरच्या स्थानिक बसचे १९८५च्या कायद्याने. लंडन मात्र नियंत्रणात राहिले. तिथे स्थानिक प्रवासी नेणाऱ्या बाहेरच्या बसला लंडनच्या परिवहन संस्थेकडून परवाना घ्यावा लागतो. फरक एवढाच, की तिथे नाही म्हणणारी संस्था आणि सेवा पुरवण्याची जबाबदारी असलेली संस्था एकच आहे. तिच्या दारात उभे राहून जाब विचारता येतो.

कायद्यात आधीच असलेली तीन दारे

मक्तेदारी मोडा आणि सगळे खासगी करा, असे मला म्हणायचे नाही. एस.टी.ने जी गावे जोडली ती कोणत्याही खासगी बसवाल्याने जोडली नसती. पण मक्तेदारीबरोबर कर्तव्य यायला हवे, आणि कर्तव्य पार पडत नसेल तर दुसऱ्याला वाट मिळायला हवी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पहिले दार कलम १०४च्या परंतुकात आहे. योजनेखालच्या एखाद्या मार्गासाठी सरकारी उपक्रमाने परवान्याचा अर्जच केलेला नसेल, तर प्राधिकरण दुसऱ्या कोणालाही तात्पुरता परवाना देऊ शकते. उपक्रमाला परवाना मिळाला, की तो संपतो. एस.टी.चा हक्क अबाधित राहतो आणि प्रवासी ताटकळत नाही. दुसरे दार कलम ८७चे. जत्रा, धार्मिक मेळावे, हंगामी गरज यांसाठी चार महिन्यांपर्यंतचा तात्पुरता परवाना. आषाढीला जो विचार होतो तो हजच्या विमानांच्या आठवड्यांतही करता येईल. तिसरे दार कलम १०२चे. लोकहितासाठी शासन मंजूर योजनेत बदल करू शकते, संबंधितांचे ऐकून. १९७३ सालची योजना जेव्हा लिहिली गेली तेव्हा भिवंडीत गोदामे नव्हती आणि रायगडात विमानतळ नव्हता.

आणखी एक खिडकी केंद्राने उघडली आहे. १८ ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने विजेवर चालणाऱ्या वाहतूक वाहनांना कलम ६६च्या परवान्यातून सूट दिली. नोंदणी, तपासणी, विमा या अटी तशाच आहेत. गाडी विजेची झाली म्हणून १९७३च्या योजनेचा प्रश्न आपोआप मिटत नाही, पण तो नव्याने विचारावा लागेल हे नक्की.

या दारांपैकी कोणतेही आपोआप उघडत नाही. अर्ज लागतो. त्या अर्जात मार्ग लिहावा लागतो, म्हणजे कुठून कुठे आणि कोणत्या रस्त्यांवरून. फेऱ्यांच्या वेळा लिहाव्या लागतात. गरज का आहे ते पटवावे लागते. एखाद्या नागरिक मंडळाने, व्यापारी संघटनेने किंवा हजला जाणाऱ्यांची सोय पाहणाऱ्या एखाद्या स्थानिक समितीने एस.टी.कडे लेखी मागणी करावी. ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही, तर त्याच कागदाची प्रत जोडून कोणा परवानाधारक बसमालकामार्फत प्राधिकरणाकडे तात्पुरत्या परवान्याचा अर्ज करावा. नकार आला तर तो लेखी घ्यावा, कारणांसह. कलम ८९प्रमाणे नकाराविरुद्ध अपील करता येते. कोणीही न मागितलेल्या बसविरुद्ध अपील करता येत नाही.